बसून कातता न येणारे गुरुजी

कानिफनाथ कोळपे गुरुजी ज्या वस्तूपासून जन्मभर पळाले, तीच वस्तू सरकारने त्यांना नगरला बोलावून, नाव पुकारून, सन्मानाने हातात दिली. ती वस्तू म्हणजे सूत कातायची टकळी. आज ऐकणाऱ्याला हसू येतं. त्या दिवशी गुरुजींना मात्र रडूच यायचं बाकी होतं.

ते पाथर्डीकडच्या डोंगराळ भागातले. जातीचे धनगर. त्यांच्या वाडीवर पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात चाती यायची. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी, टकळीची थोरली बहीण म्हणा. मेंढरं पुढे, माणूस मागे, काखेत पिंजून गुंडाळलेल्या लोकरीचा पेळू आणि हाताखाली गरगर फिरणारी चाती. बोलताना, भांडताना, पोरीचं लग्न ठरवताना, सगळं चालताना आणि कातताना. कानिफनाथचा बाप असाच कातत कातत जन्मभर चालला.

एका पावसाळ्यात लहानग्या कानिफनाथच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय टम्म सुजला. मेंढरामागे जाणं शक्यच नव्हतं. घरात एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्याच्या आईने, दगडाबाईने, त्याला खांद्यावर घेतलं आणि शेजारच्या गावच्या शाळेत नेऊन टाकलं. निदान सावलीत बसेल, एवढाच तिचा हिशेब. पुढे पाय बरा झाला, पण पोरगं उठेना! कारण शाळेच्या सतरंजीवर त्याला एक अजब शोध लागला होता, की जगात अशीही माणसं असतात, जी बसून काम करतात. मास्तर तर खुर्चीवर बसतात आणि वर त्याचा पगार घेतात. कानिफनाथने मनाशी ठरवलं, आपण जन्मभर बसायचं.

आणि तो बसला. आईबापांनी चार मेंढरं कमी करून त्याला शिकवलं. तो सातवीची फायनल पास झाला, मास्तर झाला, आणि लोक त्याला अहोजाहो करायला लागले. म्हणून आपणही आता गुरुजीच म्हणू. त्याच साली बाप गेला. बापाची चाती गुरुजींनी आढ्याला खोचून ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. शाळेत एका हाताची मोडकी खुर्ची होती. तिच्यावर पांढरं धोतर सावरून, काळी टोपी नीट करून ते असे काही ऐटीत बसायचे, की त्यांची बायको झुंबरबाई म्हणायची, "ह्यांचं लगीन माज्याशी लागलं का खुर्चीशी, त्येच कळंना." वर्गात पोरगं जरा चुळबुळलं, की गुरुजींचा आवाज चढायचा, "बस खाली! माणूस बसला तरच शिकतो!"

पण काळ काही बसून राहत नाही. पूर्वी चौथी पास झालेला मास्तर चालायचा. मग फायनल लागायला लागली. स्वातंत्र्य आलं आणि दुसऱ्या वर्षी वरून नवा हुकूम आला, की नुसती फायनल पुरायची नाही, मास्तर ट्रेनिंग घेतलेला पाहिजे. ट्रेंड मास्तरला वरची ग्रेड, आणि अनट्रेंड मास्तराने वर्षभरात पास व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्या ट्रेंड माणसाला द्यावी. गुरुजी पगारासाठी एवढे हबकले नाहीत. पगार वाढला तर कुणाला नको असतो? त्यांना धास्ती होती ती नापास होण्याची. नापास म्हणजे खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली म्हणजे पुन्हा मेंढरामागे. सगळी वाडी म्हणणार, आला बघा गुरुजी परत हुर्रहुर्र करायला.

तर असे ते नगरला ट्रेनिंगला दाखल झाले. पहिल्याच दिवशी उद्योगाचे शिक्षक आप्पासाहेब वर्गात आले. खादीचा सदरा, ताठ पाठ, आणि हातात टकळ्यांचा जुडगा. आता शिक्षण उद्योगातून द्यायचं, ते म्हणाले, पोरांनी हाताने सूत काढायचं आणि त्यातूनच गणित, भूगोल शिकायचं. म्हणून आधी मास्तरांनी कातायला शिकायचं. एकेकाचं नाव पुकारून टकळी वाटली गेली. गुरुजींच्या हातात ती आली तेव्हा त्यांना आढ्याला खोचलेली चाती आठवली.

तरी एक समाधान होतं. बाकीचे मास्तर टकळीकडे विंचवाकडे बघावं तसे बघत होते. गुरुजींनी टोपी मागे सारली आणि म्हणाले, "आपल्याला कसली भीती? आपण जन्मलोच कातत." सगळे आदराने बघायला लागले. गुरुजींनी मांडी घातली, पाठ ताठ केली, कापसाचा पेळू धरला, टकळी फिरवली आणि तार तुटला. पुन्हा फिरवली. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा मात्र तुटला नाही, कारण तो तार नव्हता, चांगली जाडजूड सुतळी होती.

"कानिफभाऊ," शेजारी बसलेला मास्तर हळूच म्हणाला, "ह्यानं बैल बांदता येईल, पन सदरा न्हाई व्हायचा."

हा मास्तर म्हणजे नेवाशाचा दिलावर. नगरला सर्जेपुऱ्यात दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. दिलावर हसरा, गोरा, डोक्याला सुगंधी तेल लावणारा. त्याच्या सुताची गतही फार वेगळी नव्हती, पण तो आपल्या फजितीवर स्वतःच आधी हसून घ्यायचा. गुरुजींना ते जमत नव्हतं. जन्मलोच कातत, हे त्यांचं वाक्य सगळ्या ट्रेनिंगभर झालं होतं, आणि तार तुटला की कुणीतरी ते मागच्या रांगेतून हमखास म्हणायचं.

पास व्हायला पाठ द्यावा लागे. म्हणजे खऱ्या मुलांच्या वर्गावर, परीक्षकांच्या समोर, टकळी चालवत चालवत एखादा विषय शिकवायचा. एक पाठ दिवाळीच्या आधी, एक एप्रिलात. दोन्हींत पडलात की घरचा रस्ता. दिवाळीआधीच्या पाठात गुरुजी सपशेल पडले. तार एवढ्या वेळा तुटला, की पोरं तो जोडून द्यायला पुढे यायला लागली.

त्या संध्याकाळी गुरुजी खोलीवर भिंतीकडे तोंड करून बसले. दिलावरने त्यांच्या टोपलीतला एक पेळू उचलला, बोटांनी उकलला, उजेडात धरला, नाक मुरडलं आणि सरकीचा बारीकसा तुकडा नखाने अलगद काढून फेकला. गुरुजी बघतच राहिले. असा कापूस चाचपणारा हात मास्तराचा नसतो.

"दिलावरभाई, खरं सांगा. तुमचा वाडवडिलांचा धंदा काय?"

दिलावरने दार लोटून घेतलं. "कुनाला सांगू नका. बाप पिंजारी हाय माझा. गाद्या, रजया भरतो गावोगाव. ल्हानपनी शाळेतली पोरं मला कापूस पिंजायच्या कमानीचा आवाज काढून चिडवायची, टँव टँव, टँव टँव. मास्तर झालो त्या दिवशी कसम घेतली, की पुन्ना कमान हातात धरायची न्हाई."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने गुरुजींकडे पाहिलं. धनगर लोकरीपासून पळाला, पिंजारी कापसापासून पळाला, दोघं खडू हातात घेऊन निर्धास्त झाले, आणि सरकारने दोघांना गाठून एकाच खोलीत कापसाच्या टोपलीसमोर बसवलं. आधी गुरुजींच्या पोटात हसू फुटलं, मग दिलावरच्या, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ट्रेनिंगला आल्यापासून गुरुजी पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

दिलावरने कसम मोडली. ओळखीच्या पिंजाऱ्याची कमान मागून आणली आणि खोलीत कापूस पिंजायला बसला. टँव टँव सुरू होताच गल्लीतल्या बाया दारात हजर, काखोटीला जुन्या गाद्या! त्यांना वाटलं नवा पिंजारी आला. मास्तर आहे, मास्तर आहे, असं गुरुजी सांगून थकले. शेवटी दिलावरच म्हणाला, ठेवा तिकडं. सुट्टी लागेपर्यंत सर्जेपुऱ्यातल्या बऱ्याच गाद्या फुलल्या आणि दोघा मास्तरांना अधूनमधून घरच्या कालवणाची वाटी मिळायला लागली. गुरुजींचे पेळू तर असे मऊ झाले, की फुंकर मारली तर उडतील. सुतळी गेली, तार बारीक आला. पण तुटायचं काही थांबेना.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी वाडीवर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. दिवाळी सरली की मेंढरं नदीकडच्या काळ्या रानांत चरायला निघायची, त्याची लगबग चालली होती. धाकटा भाऊ मच्छिंद्र घोंगड्या, भांडी बांधत होता. आणि आपले गुरुजी ओट्यावर मांडी घालून, पाठ ताठ करून टकळी फिरवत होते. दगडाबाई वाघुरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती फिरत, हाताने चाती चालवत कोकरं मोजत होती. तिने येता जाता दोन-तीनदा पाहिलं. तार तुटला. पुन्हा तुटला. मग ती कमरेवर हात ठेवून जी हसायला लागली, ती थांबेना.

"काय झालं हसायला?" गुरुजी चिडले. "परीक्षेचा अभ्यास हाय ह्यो."

"आरं, बसून कोन कातलंय रं आपल्यात?" दगडाबाईने डोळे पुसले. "तुजा बा कातला? तुजा आजा कातला? तुला चाती शिकवली तवा तू माज्या म्हागं चालत हुतास. ऊठ. मेंढरं लांब गेल्यात तिकडं, वळवून आन. अन् ती तुजी सरकारी चाती बी ने संगं."

गुरुजी कुरकुरत उठले. सवयीने टकळी हातात होती, पेळू काखेत. मेंढरांकडे चालताना त्यांचं मन आपल्या दुर्दैवातच होतं. ओढा ओलांडला, मेंढरं वळवली, परत आले. आई समोर उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होती. गुरुजींनीही खाली पाहिलं. टकळी सुताने भरली होती. बारीक, सारखं, कुठे गाठ नाही की सांधा नाही.

गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला. "आये, आप्पासाहेब म्हनत्यात मांडी घालून, पाठ ताठ ठेवून कातायचं. मास्तर मानूस मेंढरामागं हिंडल्यावानी हिंडत कातनार व्हय?"

"मग बसून नापास हो," दगडाबाई म्हणाली आणि कोकरं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

एप्रिल आला. पाठाच्या सकाळी गुरुजी आंघोळ करून, टोपी नीट घालून निघाले तेव्हा पुरते ठरवून निघाले होते की बसूनच कातायचं. नियम तो नियम. आपण बसण्यासाठीच एवढा जन्म घालवला, आता ऐन वेळी उठायचं कसं? विषय होता आपल्या जिल्ह्याचा भूगोल. समोर चौथीचा वर्ग, भिंतीला नकाशा, बाजूला आप्पासाहेब, आणि परगावाहून आलेले परीक्षक. परीक्षक अंगाने भरलेले, चष्मेवाले, सकाळपासून बसून बसून कंटाळलेले.

गुरुजींनी मांडी घातली. मुलांनी मांडी घातली. टकळ्या फिरल्या. "आपल्या जिल्ह्यात..." गुरुजींनी सुरुवात केली आणि तार तुटला. जोडला. "आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला..." तुटला. एक मुलगा जांभई देत होता. परीक्षकांनी खिशातली पेन्सिल काढली. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. मोडकी खुर्ची डोळ्यांपुढून गेली, वाडीतलं हसू कानात आलं, आणि त्याच्या मागोमाग आईचं वाक्य आलं. मग बसून नापास हो.

गुरुजी ताडकन उठले. "उठा रे पोरांनो! टकळ्या घ्या, पेळू काखेत. आपल्याला मेंढरं घेऊन नदीकडं जायचंय!"

वर्ग धडाधडा उठला. आप्पासाहेबांनी तोंड उघडलं, पण तोवर सगळी वरात मैदानात होती. पटांगणाच्या टोकाची भिंत म्हणजे पाथर्डीचे डोंगर झाले. तिथून निघायचं. का निघायचं? कारण दिवाळीनंतर तिकडे चारा-पाणी संपतं. कुठल्या दिशेला? सूर्य पाठीवर घ्या आणि सांगा. मधला लिंब म्हणजे तिसगाव, तिथे पहिला मुक्काम. पलीकडचा आड म्हणजे नेवासं, तिथे प्रवरा. माती कुठे बदलली? डोंगरात मुरमाड, नदीला काळी. काळ्या रानात मेंढरं बसवली की शेतकरी धान्य का देतो? लेंडीखताला. मुलं चालत होती, ओरडून उत्तरं देत होती, आणि हातातल्या टकळ्या फिरत होत्या. तुटला तार तर चालता चालता जोडत होती. गुरुजींचा तर हात असा चालला होता, की त्यांना त्याची शुद्धच नव्हती. ते नगरमध्ये नव्हतेच. ते डोंगर उतरत होते.

म्हणूनच ती चूक झाली. कळपातलं एक मेंढरू मागे राहिलंय, लिंबाच्या सावलीला रेंगाळलंय, असं गुरुजींना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्यांनी जिभेने टाळूला चटकारा दिला आणि वळून खणखणीत हाळी घातली, "हुर्रर्र! हिक् हिक्! चल म्होरं!"

ते मेंढरू म्हणजे परीक्षक होते.

मुलांच्या टकळ्या थांबल्या. आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. गुरुजींची टकळी हवेत लोंबकळत राहिली. संपलं, त्यांना वाटलं. खुर्ची गेली. परीक्षकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ते लिंबाखालून निघाले, तुरुतुरु चालत मुलांच्या रांगेत शेवटी येऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "बेंऽऽ!"

काय हशा उठला म्हणता! मुलं पोट धरून खाली बसली. आप्पासाहेबांची ताठ पाठ पहिल्यांदा वाकली, हसण्याने. परीक्षकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "गुरुजी, मुक्काम अजून किती लांब? मेंढरं दमली." आणि पुढच्या आडापर्यंत, म्हणजे नेवाशापर्यंत, ते खरोखर रांगेतून चालत आले. शेवटी त्यांनी मुलांना चार प्रश्न विचारले. त्यांतल्या तीन प्रश्नांना सगळा वर्ग एकदम ओरडला.

मे महिन्यात निकाल लागला. खोटं कशाला सांगू, गुरुजी यादीत वरून नव्हते, शेवटून तिसरे होते. लेखी पेपरांत ते काठावरच तरले होते. पण पास ते पास, आणि ट्रेंड ते ट्रेंड. दिलावरही पास झाला आणि त्याने सगळ्या सर्जेपुऱ्यात पेढे वाटले. गल्लीतल्या एका म्हातारीने पेढा खाऊन विचारलं, की आता गाद्या कोण भरणार?

गुरुजी तसेच गावी गेले नाहीत. आई आणि मच्छिंद्र मेंढरं घेऊन अजून प्रवरेकाठीच होते, नेवाशाच्या अलीकडे. दिलावरला घरी जायचंच होतं. दोघं मोटारीने निघाले. उतरल्यावर दिलावर म्हणाला, आधी तुमच्या आईला सांगू, मग माझ्या बापाला. शिवारात विचारत विचारत ते चालले, आणि गुरुजींच्या लक्षात आलं, की पटांगणात आपण शिकवलेला रस्ता तो हाच.

लांबून कळप दिसला. कळपामागे विटक्या लुगड्यातली दगडाबाई, हाताखाली चाती. गुरुजी धावतच सुटले. "आये! पास झालो! ट्रेंड झालो!" पाया पडायला ते वाकले, तर पाय पुढे गेलेले.

"चालता चालता सांग," दगडाबाई म्हणाली. "मेंढरं उसात घुसत्याल."

म्हणून गुरुजी वाकत, चालत, कसेबसे पायांना हात लावत बोलत राहिले. मांडी घालून बसले होते ते, तुटलेला तार, उठलेला वर्ग, लिंब म्हणजे तिसगाव, आणि परीक्षकाला घातलेली हाळी. ते ऐकून म्हातारी एवढी हसली, की चाती चालता चालता थांबली. मग तिने कमरेला खोचलेली दुसरी चाती काढून लेकाच्या हातात दिली. झिजून काळी तुकतुकीत झालेली. आढ्याला खोचलेली ती हीच. दिवाळीनंतर निघताना ती तिने काढून आणली होती आणि सगळा हिवाळा-उन्हाळा कमरेला बाळगली होती.

"पास झाल्याव द्यायची म्हनून आनली व्हय?" गुरुजींनी तिच्यावरून बोट फिरवत विचारलं.

"तुला द्यायची म्हनून आनली."

"अन् नापास झालो असतो तर?"

दगडाबाईने लेकाकडे पाहिलं, हा सातवी शिकलेला, ट्रेनिंग घेतलेला पोरगा असं काय विचारतोय, अशा नजरेने. "तरी बी दिली असती की. तुज्या बाची हाय ती. तिला कसली परीक्षा?"

गुरुजींच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यांनी ती पुसलीही नाही. एका हातात चाती होती, दुसऱ्या हातात आईने दिलेला लोकरीचा पेळू. दिलावर मागून येत होता. त्याने रेंगाळलेल्या एका कोकराला उचलून खांद्यावर घेतलं. गुरुजींनी चाती फिरवली आणि ते आईच्या शेजारून चालायला लागले.